बल्लाळशहाचा राजधर्म आणि आपली कर्तव्ये

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात भामरागड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या गोंड राजांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली. राजांच्या वैभवाचे वर्णन करणे सोपे असते आणि ऐकणे त्याहून सोपे. पूर्वजांच्या गौरवाने ऊर भरून येतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागतो. परंतु इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम ह्या तीन नद्या जेथे एकत्र येतात, त्या भामरागडात उभे राहून बोलावयाचे तर थोडे विचारपूर्वक बोलले पाहिजे. आज ह्या मांडवात स्वतःस राजगोंड म्हणविणारी घराणी बसली आहेत. त्यांच्या शेजारी माडिया कुटुंबेही बसली आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांनी चांद्याचा परकोट उभ्या जन्मात डोळ्यांनी पाहिला नसेल. राजाची जी कथा सांगावयाची, ती ह्या दोघांनाही आपली वाटली पाहिजे. तशी ती वाटावयाची असेल तर राजाचा मुकुट बाजूस ठेवून राजाचे कर्तव्य पाहिले पाहिजे. म्हणून आम्ही ‘राजधर्म’ हाच आजचा विषय योजिला आहे.

मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्ये होऊन गेली : गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा. गढ्याच्या राणी दुर्गावतीने १५६४ साली मोगल सैन्याशी लढता लढता देह ठेवला, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. देवगडच्या बख्त बुलंदाने नागपूर शहर वसविले, हेही सर्वश्रुत आहे. चांद्याच्या राजांची कीर्ती मात्र रणांगणापेक्षा तलावांत, गावांत आणि परकोटाच्या दगडांत अधिक साठलेली आहे. ह्या राजमालिकेत ज्याच्याभोवती लोकांच्या स्मृतीने सर्वांत अधिक कथा गुंफल्या, तो राजा म्हणजे खांडक्या बल्लाळशहा.

त्याची कथा आपणांपैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. तरीही ती एकदा नीट सांगतो, कारण पुढील सर्व विचार तिच्यावर उभा आहे.

बल्लाळशहाची राजधानी तेव्हा वर्धा नदीच्या पलीकडे सिरपूर येथे होती. ते सिरपूर आज तेलंगण राज्यात आहे. राजाच्या सर्वांगावर गाठी व फोड उठलेले होते. त्यामुळेच त्यास ‘खांडक्या’ हे नाव पडले असे सांगतात. वैद्य थकले, उपाय सरले. त्याची राणी, जिला लोककथेत हिरातनी म्हणतात, मोठी शहाणी व धीराची होती. सिरपूरची हवा मानवत नाही, नदीच्या अलीकडील काठी राहावयास चलावे, असा सल्ला तिने दिला. राजाने तो मानला, आणि वर्धेच्या काठी किल्ला उभा राहिला. तेच आजचे बल्लारपूर.

एके दिवशी राजा शिकारीस निघाला असता त्यास फार तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे पडले होते. त्यात पाणी शोधीत जाता जाता एका खळग्यातून थोडेसे पाणी झिरपताना दिसले. राजा ते प्याला, त्याने हातपाय धुतले, तोंडावर पाणी घेतले आणि तो घरी परतला. त्या रात्री त्यास कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तो जेथे जेथे पाणी लागले होते, तेथील फोड नाहीसे झालेले. राणीने त्यास विचारून सारा वृत्तान्त काढून घेतला व ती जागा दाखवा म्हणून हट्ट धरला. दोघे तेथे गेली. वाळू व गवत दूर करताच खडकात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे दिसले. प्रत्येकात पाणी, आणि कितीही उपसले तरी न आटणारे. राजाने तेथे स्नान केले व तो व्याधिमुक्त झाला. रात्री स्वप्नात अचलेश्वराने दर्शन दिले, आणि त्या ठिकाणी राजाने मंदिर बांधविले.

मंदिराचे काम पाहावयास राजा येत असे. असाच एकदा येत असता त्यास एक विलक्षण दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या पाठीस लागला होता. कुत्रा पुढे, ससा मागे. मोठे वर्तुळ काढीत दोघे धावले आणि शेवटी कुत्र्याने उलटून सशास मारले. राजाने हे राणीस सांगितले. राणी म्हणाली, हा शुभशकुन आहे. ज्या मार्गाने ससा धावला त्या मार्गावर परकोट बांधावा व आत नगर वसवावे. अशा रीतीने चांदा शहराचा पाया घातला गेला. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला तो परकोट पुढील राजांनी पुरा केला. १९६४ साली चांद्याचे नाव चंद्रपूर झाले, परंतु वेशींची नावे अजून तीच आहेत.

बंधुभगिनींनो, ही कथा इतिहास आहे काय? हा प्रश्न टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. आज आपली मुले महाविद्यालयांत शिकतात. उद्या कोणी त्यांस हा प्रश्न विचारला तर त्यांनी मान खाली घालू नये, आणि उगाच भांडूही नये. मेजर लूसी स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. त्यात त्याने परंपरेने चालत आलेली राजांची यादी नोंदविली. तीत पहिला राजा भीम बल्लाळसिंह हा इ. स. ८७० च्या सुमारास गादीवर येतो, आणि शेवटचा नीळकंठशहा १७५१ साली राज्य गमावतो. म्हणजे ८८१ वर्षे, आणि तेवढ्यात जेमतेम वीस कारकिर्दी. प्रत्येक राजास सरासरी चाळीस वर्षांहून अधिक राज्य मिळाले असे मानावे लागते. एवढे दीर्घायुष्य एका पाठोपाठ एक सर्वांस लाभणे कठीण आहे. शिवाय त्या यादीप्रमाणे बाबाजी बल्लाळशहा हा अकबराच्या जन्मापूर्वीच होऊन गेला. उलट ‘आईने अकबरी’त अकबराच्या काळातील चांद्याचा गोंड राजा म्हणून बाबाजीचेच नाव येते, आणि त्याच्यापाशी एक हजार घोडदळ व चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद आहे. तेव्हा यादीतील सनावळी पुढे सरकविली पाहिजे हे उघड आहे. खांडक्या बल्लाळशहा बाबाजीच्या काही पिढ्या आधीचा. म्हणून अभ्यासक त्याचा काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात.

ससा व कुत्रा यांची कथाही केवळ आपलीच नाही. दक्षिणेत विजयनगर कसे वसले व गुजरातेत अहमदाबाद कसे वसले, ह्याविषयी अशाच कथा तेथील लोक सांगतात. म्हणून ती खोटी ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सनावळी चुकेल, परंतु कोणत्या राजास चांगले म्हणावे ह्याविषयीचा लोकांचा निवाडा सहसा चुकत नाही. शेकडो वर्षे ज्या समाजाने ही कथा जतन केली, त्याने तिच्यात राजाविषयीची आपली अपेक्षा साठवून ठेवली आहे. ती अपेक्षा कोणती, एवढेच आपण पाहू.

पहिली गोष्ट ही की, ह्या कथेतला राजा सल्ला ऐकतो. सिरपूर सोडावे हा सल्ला राणीचा. झऱ्याचा शोध पुरा करून घेण्याचा हट्ट राणीचा. परकोट कोठे बांधावा हा निर्णयही राणीचा. कथा बल्लाळशहाच्या नावाची आहे, परंतु तिच्यातील प्रत्येक वळणावर बुद्धी राणीची चाललेली दिसते. राजाचे मोठेपण एवढेच की, त्याने ते ऐकले. आपल्या पूर्वजांना राजाचे हे ऐकणे कमीपणाचे वाटले असते, तर त्यांनी कथा बदलून टाकली असती. त्यांनी ती बदलली नाही. पुढे चांद्याच्या गादीवर राणी हिराईने प्रत्यक्ष कारभार केला. वीरशहाच्या वधानंतर अठराव्या शतकाच्या आरंभी तिने रामशहास दत्तक घेऊन राज्य सांभाळले व महाकालीचे मंदिर बांधविले. ज्या समाजाने बल्लाळशहाच्या राणीची कथा जपली, त्या समाजास हिराईचा कारभार परका वाटला नसेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. राजाची व्याधी पाण्याने गेली, आणि राजाने प्रथम पाण्याची जागा सुरक्षित केली. परकोट नंतर आला. आधी झरा, मग मंदिर, मग नगर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. चांद्याच्या राजांनी आणि त्यांच्या आश्रयाने लोकांनी पुढे जे तलाव बांधले, त्यांत ह्याच क्रमाची आठवण आहे. बल्लारपूरनजीकचा जुनोन्याचा तलाव आजही पाहावयास मिळतो. तलाव बांधण्यात निष्णात अशा कोहळी लोकांना एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना आपल्याबरोबर घेऊन आला, अशी दंतकथा आहे. आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याकडून शिकावे व त्यास मानाने जागा द्यावी, हाही राजधर्माचाच भाग होय.

तिसरी गोष्ट सशाची. कुत्रा बलवान, ससा दुबळा. तरी ज्या भूमीवर दुबळा बलवानाच्या पाठीस लागतो, ती भूमी निवडून राजाने तेथे नगर वसविले. कथेत ससा शेवटी मरतो, हे खरे आहे, आणि कथा सांगणाऱ्यांनी ते लपविलेले नाही. परंतु त्याने काढलेली रेषा राहिली, आणि तीच नगराची वेस झाली. आपल्या भूमीवर पाय रोवून उभा राहिलेला दुबळा माणूस एखादे वेळी हरतो, पण त्याने आखलेली सीमा पुढील पिढ्यांचे रक्षण करते. ह्याहून मोठी शिकवण त्या कथेत आम्हांस दिसत नाही.

चौथी गोष्ट बल्लाळशहाच्या पुत्राची, हीरशहाची आहे. परंपरा सांगते की, हीरशहाने राज्यातील जमीन धारण करणाऱ्यांस एकत्र बोलाविले आणि प्रत्येकास विचारले, ‘ही जमीन तुजकडे कोणत्या हक्काने आहे?’ मग त्याने आज्ञा केली की, जो रान साफ करून पडीक जमीन वाहितीस आणील, त्यास तिची सनद मिळेल. जो तलाव बांधील, त्या तलावाखाली भिजणारी जमीन त्याची. जो नुसताच जमीन अडवून बसेल व कसणार नाही, त्याचा हक्क राहणार नाही. अशा देणग्यांस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम ही वस्ती आणि दोन्ही जिल्ह्यांत त्या नावाची जी गावे आहेत, ती ह्या व्यवस्थेची साक्ष देतात. राजाने येथे आपल्या पदरचे दान दिले असे कोणी समजू नये. कष्ट प्रजेचे होते. राजाने त्या कष्टाला हक्क म्हणून मान्यता दिली. दान देणारा राजा कीर्ती मिळवितो, आणि हक्क मान्य करणारा राजा प्रजेला उभे करतो.

ह्याच्या उलट उदाहरणही आपल्याच मालिकेत आहे, आणि तेही सांगितले पाहिजे. शेवटचा राजा नीळकंठशहा. त्याचा पिता रामशहा हा इतका सात्त्विक होता की, चांदा घेण्याचा विचार मनात धरून आलेला रघूजी भोसला त्याच्या दर्शनाने नम्र झाला, असे सांगतात. नीळकंठशहाने पित्याचा जाणता दिवाण महादजी वैद्य यास ठार करविले. सल्ला देणारे दूर झाले, प्रजा विटली, आणि प्रसंग आला तेव्हा राजाच्या बाजूस कोणी उभे राहिले नाही. १७५१ साली रघूजीने चांदा घेतले व नीळकंठशहास बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद केले. परकोट तोच होता, दरवाजे तेच होते, आणि दगडही एक ढळला नव्हता. ढळला होता तो विश्वास. राणीचे ऐकून ज्या राज्याची राजधानी वसली, ते राज्य दिवाणाचे न ऐकल्याने गेले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता कोणी विचारील, चांद्याच्या राजाचा आणि भामरागडच्या माडियाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. ह्या घनदाट अरण्यात राजाची सत्ता नावापुरतीच पोहोचत असे. येथील कारभार गावाचा गावच करी. भूमिया व गायता, पेरमा आणि पटेल यांच्यासह गोटुलात बसून गावाने एकमताने ठरवावे आणि ठरलेले सर्वांनी पाळावे, ही येथील रीत. पेंड्यासाठी रान साफ करावयाचे ते गावाच्या हद्दीत व गावाच्या संमतीने. जो कुटुंबकबिला राबला, पीक त्याचे, आणि रान साऱ्या गावाचे. राबणाऱ्याचा हक्क आणि गावाची संमती ही दोन तत्त्वे येथे कोणत्याही सनदेशिवाय चालत आली. हीरशहाचा कायदा आणि हा माडियांचा रिवाज शेजारी ठेवून पाहावा. आम्हांस तर असे वाटते की, हीरशहाने नवा न्याय निर्माण केला नाही. रानातल्या माणसाचा न्याय त्याने सनदेवर उतरविला. तसे असेल तर राजधर्माचे मूळ चांद्याच्या परकोटात शोधण्याऐवजी ह्या गोटुलात शोधले पाहिजे.

आणि म्हणून एक कटू गोष्ट प्रेमाने सांगतो. आपल्यापैकी काही घराणी राजवंशाशी नाते सांगतात. सांगोत, त्यात वावगे नाही. परंतु तेच नाते पुढे करून माडिया बांधवास पंगतीत मागे बसविणे, त्याच्या बोलीस हसणे, त्याच्याशी सोयरीक म्हटली की नाक मुरडणे, हे जेव्हा घडते, तेव्हा बल्लाळशहाचे नाव घेण्याचा अधिकार आपण गमावतो. ज्या राजाने सशाच्या रेषेवर राजधानी वसविली, त्याचे वारस दुबळ्याकडे पाठ फिरवतील तर ते वारस कसले? वंश रक्ताने मिळतो, पण राजधर्म रोज आचरून मिळवावा लागतो. हेमलकशाला १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे राहून माडियांची शुश्रूषा केली. ते कोणत्या राजकुळातील होते? रोग्याला पाणी व औषध देणे हे राजाचे काम त्यांनी केले, एवढे खरे.

चांद्याचे राज्य गेले, त्यानंतर भोसल्यांचे गेले आणि इंग्रजांचे आले. १८५८ साली मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी ह्याच अरण्यांच्या आश्रयाने इंग्रजांशी झुंज दिली, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. पुढे जंगलाचे कायदे आले. १८७८ चा आला, १९२७ चा आला. हीरशहाच्या कायद्याने रान साफ करणारा धनी ठरत होता. नव्या कायद्याने तोच अतिक्रमण करणारा ठरला. ज्याच्या आजोबाची स्मृतिशिळा गावच्या रानात उभी आहे, त्यास त्याच रानात मोहफुले वेचताना भीती वाटू लागली. सिरपूरच्या बाजूस कुमराम भीम यांनी जल, जंगल आणि जमीन यांसाठी निजामाच्या राजवटीशी लढा दिला व १९४० साली जोडेघाट येथे प्राण अर्पण केले. त्यांचा लढा हा ह्याच उलटलेल्या न्यायाविरुद्ध होता.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. वनवासी समाजावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट शब्दांत मान्य केलेले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, आदिवासी कुटुंबाचा हक्क ह्या कायद्याने मान्य होतो. गावाने परंपरेने राखलेल्या वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य होतो. आपल्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळविला, आणि साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. दाव्याचा आरंभ ग्रामसभेपासून होतो, कचेरीपासून नव्हे. म्हणजे हीरशहाने विचारलेला तोच प्रश्न आज पुन्हा विचारला जात आहे, ‘ही जमीन तुजकडे कोणत्या हक्काने आहे?’ फरक एवढाच की, आज उत्तर ऐकणारी आणि त्यावर पहिला निर्णय देणारी आपलीच ग्रामसभा आहे. राजा आता सिंहासनावर नाही. तो गोटुलातल्या त्या बैठकीत आहे, आणि आपणांपैकी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुष त्या राजाचा अंश आहे.

तेव्हा राजधर्म आता आपल्याकडे आला. तो पाळावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे चार कलमांत सांगतो.

पहिले कर्तव्य स्मृतीचे. वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हा पुरावा मानलेला आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हीही पुराव्यात धरली जातात. म्हणजे ज्या आठवणींना आपण म्हाताऱ्यांच्या गोष्टी म्हणून सोडून देतो, त्यांच्या बळावर नातवाची जमीन टिकू शकते. प्रत्येक गावातील शिकलेल्या मुलामुलींनी ह्या वर्षी एकच व्रत घ्यावे. आपल्या गावच्या सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे, गावाच्या हद्दी, नाल्यांची नावे, कोणते रान कोणत्या कुळाने राखले, कोणती स्मृतिशिळा कोणाची, हे सारे वहीत उतरवून घ्यावे, तारीख घालावी आणि निवेदनाखाली त्यांचा अंगठा घ्यावा. माडिया शब्द माडियातच लिहावेत. म्हातारे माणूस गेले की एक दप्तर जळाले असे समजावे.

दुसरे कर्तव्य कागदाचे. सनद मिळाली पण ती पुरात भिजली, किंवा कोणाच्या घरी ठेवली हे आठवत नाही, असे होता कामा नये. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. कागदाची एक प्रत गावात आणि एक प्रत गावाबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावी. दावा फेटाळला गेला तर निराश होऊन घरी बसू नये. निर्णयाविरुद्ध वरच्या समितीकडे दाद मागण्यास साठ दिवसांची मुदत असते. ती मुदत आळसाने घालविणे म्हणजे सशाने धावण्यापूर्वीच बसून राहण्यासारखे आहे. आपल्या समाजातील जे बंधू शिक्षक आहेत, वकील आहेत, कचेरीत नोकरीस आहेत, त्यांनी वर्षातून आठ दिवस एका गावास द्यावेत, एवढीच आमची मागणी आहे.

तिसरे कर्तव्य ऐकण्याचे. वनहक्काची सनद पतिपत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे होते, आणि वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. परंतु बैठकीत स्त्रिया कोपऱ्यात बसल्या आणि पुरुषांनी बोलून घेतले, तर कायद्याचा हेतू वाया गेला. मोह, चारोळी, तेंदू, बांबू, डिंक यांपैकी काय कोठे मिळते व कोणत्या साली किती आले, हे घरातील बाईस अधिक ठाऊक असते. तिने बोलावे व आपण ऐकावे. मुलगी शाळेत चांगली शिकत असता लग्न ठरले म्हणून तिचे नाव काढून घेणे, हे ज्या घरात घडेल त्या घरात राणी हिराईची तसबीर भिंतीवर लावू नये.

चौथे कर्तव्य पाण्याचे व रानाचे. पूर्व विदर्भात पूर्वजांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली व ते शासनाकडे गेले. त्यांपैकी कित्येक गाळाने भरले, कारण ज्याचे पाणी त्याचा तलाव ही भावना ओसरली. भामरागडच्या रानात तलाव थोडे आणि नाले फार, तरी धडा तोच आहे. हक्क मिळाला की राखण्याचे काम सुरू होते. ज्या रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तेथे वणवा लागला तर विझविणारा गावच हवा. चार पैशांसाठी कच्ची चारोळी ओरबाडणारा आपला भाऊ असला तरी त्यास गोटुलात बोलावून समज द्यावयास हवी. हीरशहाने कसणाऱ्यास सनद दिली, आणि न कसणाऱ्याची काढूनही घेतली, ही गोष्ट विसरू नये.

बंधुभगिनींनो, ह्या चार कर्तव्यांत कोठेही तलवार नाही, आणि द्रव्याचीही फारशी गरज नाही. लग्नसमारंभात आपण जो खर्च करतो, त्याचा लहानसा हिस्सा प्रत्येक कुटुंबाने मंडळाच्या विद्यार्थी निधीस दिला, तर वह्या, प्रती आणि प्रवास यांचा खर्च सहज निघेल. कमी आहे ती सवयीची. राजा सर्व करील, सरकार सर्व करील, मंडळ सर्व करील, असे म्हणत बसण्याची सवय आपण टाकली पाहिजे. बल्लाळशहाला झऱ्याची वाळू स्वतःच्या हातांनी दूर करावी लागली, तेव्हा कोठे पाणी लागले.

चांद्याचा परकोट ज्यांनी बांधला त्या कामगारांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. हीरशहाच्या सनदेने ज्यांनी तलाव बांधले, त्यांपैकी बहुतेकांची नावेही गेली. परंतु तलावाखालची शेते अजून हिरवी होतात. आपलीही नावे राहतील न राहतील. आपल्या नातवंडांनी आपल्या रानात निर्भयपणे मोहफुले वेचावीत, आणि कोणी विचारले तर आपल्या हक्काचा कागद पुढे करावा, एवढे जरी आपण साधले, तरी बल्लाळशहाचा राजधर्म ह्या भामरागडात पाळला गेला असे पुढील लोक म्हणतील.